राजगिऱ्याचा देव

आमच्या आयर्लंडातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष डून लेरीला राहतात. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ते स्वतः कुठल्याही बोलण्याची सुरुवात इथूनच करतात. त्यांच्या खिडकीतून समुद्र दिसतो. डार्ट नावाच्या लोकलने ते बॉल्सब्रिजच्या ऑफिसात जातात, आणि रविवारी आम्हा ओंगारच्या लोकांवर उपकार करायला गाडी काढून येतात. ओंगारला समुद्र नाही. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी विटांची घरं आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच घरांतून रविवारी सकाळी पोह्यांचा वास येतो. त्या वासालाच आम्ही इथे संस्कृती म्हणतो.

मी पुण्यात शाळेत इतिहास शिकवायचे. इथे मी ‘डॉक्टरांची मिसेस’ आहे. नवरा सरकारी इस्पितळात आहे. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो, आणि जागा असतो तेव्हा घरी नसतो. मंडळाने मुलांसाठी रविवारची मराठी शाळा काढायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण मी ‘घरीच तर असते’. मी हो म्हटलं. मराठी भाषेच्या सेवेसाठी वगैरे नाही. मला माझ्या मुलीने माझ्याशी मराठीत बोलायला हवं होतं, एवढंच. ती दहा वर्षांची आहे. तिला सगळं मराठी कळतं, अगदी मी फोनवर दबक्या आवाजात केलेल्या चहाड्यासुद्धा. पण मी “भूक लागली का गं?” म्हटलं की ती म्हणते, “आय’म ग्रँड, मॅम.” ग्रँड म्हणजे ठीक, मॅम म्हणजे मी. बालवाडीत जायला लागली आणि तिचं मराठी जे बंद झालं ते बंदच. गेली कित्येक वर्षं मी माझ्याच घरात प्रश्न मराठीत विचारते आणि आयरिश वळणाच्या इंग्रजीत उत्तर ऐकते.

तर ती रविवारची शाळा. कम्युनिटी सेंटरचा हॉल, एक फळा, आणि मंडळाने पुण्याहून मागवलेलं अंकलिपीचं पुस्तक. दहा-अकरा वर्षांची घोडी मुलं, जी दिवसशाळेत ज्वालामुखी शिकतात, त्यांना मी ‘बदक बघ’ वाचायला लावायचे. ती वाचायची. मग आपसात इंग्रजीत बोलायची, आणि मला विचारायची, “कॅन वी गो होम नाऊ?” पालक मात्र खूश होते. कुणाचं पोर ‘बदक’ वाचतानाचा व्हिडिओ आजीला पाठवला की त्यांचं मातृभाषेचं ऋण फिटायचं. त्यांच्या घरात शिरलात तर बाप पोराला सांगत असतो, “डोन्ट रन, चप्पल घाल, प्रेसमधून बाऊल काढ.” प्रेस म्हणजे कपाट. हे आयरिश शब्द त्यांनी आवडीने उचलले आणि जे घरून आणले होते ते विमानतळावरच टाकून दिले.

मग मुलीच्या दिवसशाळेत इतिहासाला मेक्सिकोचे अ‍ॅझ्टेक आले. पाचवीला इथे ते शिकवतात. एका संध्याकाळी कणीक मळताना ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मॅम, डिड दे अ‍ॅक्चुअली पुल द हार्ट्स आउट?” तिने मला इतिहासातलं काही विचारल्याची ही पहिली वेळ. मी मराठीत सांगायला लागले. हो, काढायचे, आणि सूर्य उद्या उगवावा म्हणून काढायचे. पण त्याच शहरात पहाटे उठून अंगण झाडणं हीसुद्धा पूजा होती. रोज अंघोळ करणारे लोक होते ते, आणि त्यांना जिंकायला आलेल्या गोऱ्यांच्या अंगाचा वास त्यांना सहन होत नव्हता. त्यांच्यात प्रत्येक मुलाला शाळा होती, गरिबाच्यासुद्धा. उनाड पोराला मिरच्यांच्या धुरावर धरायचे. हे ऐकून ती हसली. शेवटी मी तिला सुइणीचं सांगितलं. मूल जन्माला आलं की त्यांची सुईण युद्धाची आरोळी ठोकायची. ही बाई लढली आणि तिने एक कैदी जिवंत पकडला, असा त्याचा अर्थ.

“सो यू कॅप्चर्ड मी?”

“हो.”

“अँड डिड समवन शाउट?”

“नर्स ओरडली. ‘गुड गर्ल युअरसेल्फ’ म्हणाली.”

पुढच्या रविवारी मी अंकलिपी पिशवीतून बाहेर काढलीच नाही.

अ‍ॅझ्टेकांच्या लढाईत शत्रूला जागच्या जागी मारण्यात फारसा मोठेपणा नव्हता. त्याला जिवंत धरून आणायचं. किती कैदी आणले यावर अंगावरचा पोशाख ठरायचा. कैदी धरणारा म्हणायचा, “हा माझा लाडका मुलगा,” आणि कैदी म्हणायचा, “हे माझे लाडके बाप.” मग बळी जायला त्याला देवळाच्या पायऱ्या चढायला लागायच्या, आणि जो न रडता ताठ चढला त्याचं नाव व्हायचं. भित्र्या कैद्याला किंमत नव्हती, आणि त्याला पकडणाऱ्यालाही. काही लढाया तर दोन्ही बाजूंनी ठरवून व्हायच्या, निव्वळ कैद्यांसाठी. त्यांना फुलांची युद्धं म्हणत.

आम्ही हॉलमध्ये फुलांचं युद्ध सुरू केलं. वर्तमानपत्रांच्या सुरळ्या, दोन बाजू, आणि माझा एकच जास्तीचा नियम: जो इंग्रजी बोलला तो कैदी. त्याच्या खांद्याला हात लावायचा, “पकडला” म्हणायचं, मग लाडका मुलगा, लाडका बाप, आणि कैदी मुकाट्याने स्टेजच्या पायऱ्या चढणार. बस, एवढंच. पहिल्या रविवारी पाच मिनिटांत अख्खा वर्ग स्टेजवर जाऊन बसला. तिसऱ्या रविवारपर्यंत तीच पोरं कोकलत होती, “ए, मागून ये! तो बघ, तो पळाला! धर त्याला, धर!” मराठीत. चुकीच्या, तोडक्या, हिंदी घुसलेल्या मराठीत, पण पोटातून आलेल्या. अ‍ॅझ्टेकांच्या युद्धदेवाचं भलंमोठं नाव मुलांना पहिल्याच दिवशी म्हणता आलं. त्यांच्या आयांना ते अजून येत नाही.

सगळ्यात जास्त कैदी माझ्या मुलीचे असायचे. मी खुर्च्या लावायचं नाटक करत रेडिएटरपाशी उभी राहायचे आणि कान देऊन ऐकायचे. “ही माझी लाडकी मुलगी,” ती एका उंच पोरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, खणखणीत. मग वर्ग सुटायचा, ती गाडीत मागे बसायची आणि म्हणायची, “मॅम, कॅन वी गेट चिप्स?” हॉलच्या दाराबाहेर तिचं मराठी येत नव्हतं. सगळ्यांशी बोलायची, माझ्याशी नाही. येईल, मी मनात म्हणायचे. थोडे दिवस अजून.

अ‍ॅझ्टेक लोक सणाला राजगिऱ्याचा देव करायचे. हे मला जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एकटीच हसले होते. राजगिरा त्यांचाच. पिठात गोड पाक घालून युद्धदेवाची मूर्ती करायची, तिची पूजा करायची, मग पुजाऱ्याने तिच्या छातीत बाण मारायचा आणि सगळ्यांनी तिचे तुकडे वाटून खायचे. देव मेला आणि देव पोटात गेला. आमची मंडळी चतुर्थीला ज्या उपासाच्या ताटावर तुटून पडतात त्यातला साबुदाणा, शेंगदाणे, मिरची, बटाटा, रताळं आणि हा राजगिरा, सगळं त्यांच्याच अमेरिका खंडातून आलेलं. दसऱ्याचा झेंडूसुद्धा त्यांच्याच देवांचा. खिचडीतलं तूप, जिरं आणि मीठ सोडलं तर पवित्र म्हणून जे खातो ते तिकडच्या ‘रानटी’ लोकांच्या शेतातलं आहे. पण हे बोलायचं कुणाशी? इथे संस्कृतीवर बोलणारा प्रत्येक माणूस तोंडात वडा भरून बोलत असतो.

मी घरी राजगिऱ्याच्या लाह्या गुळाच्या पाकात घालून मोठा गोळा केला आणि गरम पातेलं टॉवेलात गुंडाळून हॉलवर नेलं. फळ्यावर युद्धदेव काढला. त्यांच्या देवाच्या डोक्यावर इवल्याशा पक्ष्याच्या तोंडाचा टोप असतो, लांब चोचीचा. मुलांनी हाताला तूप लावलं आणि कामाला लागली. आता, ही पोरं दरवर्षी ऑगस्टमध्ये याच हॉलमध्ये, याच टेबलांवर, मंडळाच्या इको-फ्रेंडली कार्यशाळेत शाडूचा गणपती करतात. त्यांच्या हातांना एकच देव येतो. आधी पोट झालं. मग मांडी घातली. मग चोच लांबत लांबत खाली आली आणि वळली.

“डावीकडे वळव,” एक मुलगा म्हणाला. “उजवी नको. उजवी सोंडवाला स्ट्रिक्ट असतो.”

“ही सोंड नाहीये, ही चोच आहे,” माझी मुलगी म्हणाली.

“मग कान कशाला लावले?”

“ऐकायला!”

मी पाहत होते. मी थांबवायला हवं होतं असं नंतर खूप जणांनी मला सांगितलं. मी थांबवलं नाही, कारण मुलं सोंडेच्या बाजूवरून मराठीत भांडत होती, आणि असलं भांडण मी ‘बदक बघ’मधून शंभर वर्षांत उभं करू शकले नसते. माझ्या मुलीचे कैदी सगळ्यात जास्त, म्हणून बाण तिने मारायचा. तिने पेन्सिल फेकली. ती नेमकी पोटात घुसली. सगळी पोरं ओरडली आणि देवावर तुटून पडली.

त्याच क्षणी दार उघडलं आणि आया मुलांना घ्यायला आत आल्या.

त्या दिवशी संकष्टी होती, हे मी विसरले होते. सकाळपासून उपाशी असलेल्या बायका. इथे ढगांतून चंद्र दिसत नाही, तेव्हा फोनमधल्या अ‍ॅपवर चंद्र उगवला की जेवतात. चंद्र उगवायला वेळ होता आणि समोर स्वतःचा मुलगा गणपतीची सोंड चावत होता. उपाशी माणसाच्या भावना फार पटकन दुखावतात. एकीने आधी फोटो काढला आणि मग किंचाळली, याच क्रमाने. फक्त अकोल्याहून लेकीकडे आलेल्या एका आजींनी पातेल्यात उरलेली खरवड बोटाने काढली आणि म्हणाल्या, “पाक मस्त जमला वं, कडक नाई झाला.” त्यांचा उपास राजगिऱ्याने मोडत नव्हता.

घरी पोचेपर्यंत फोटो ग्रुपवर होता. खाली हात जोडलेले, रडके, संतापलेले चेहरे. “हेच शिकवायला पाठवतो का आपण?” “ह्यूमन सॅक्रिफाइस इज नॉट अवर कल्चर.” “आय अ‍ॅम शेकिंग.” मराठी शाळेवरून पेटलेल्या त्या सगळ्या रागात एकही वाक्य धड मराठीत नव्हतं. संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला.

“वहिनी, मी डून लेरीहून बोलतोय,” ते म्हणाले. “लूक, आय टोटली गेट इट. आपण सगळे ओपन-माइंडेड आहोत. बट पेरेंट्स आर अपसेट ना यार. नेक्स्ट संडेला सगळ्यांसमोर एक छोटीशी अपॉलॉजी, बस. मतलब, मनापासून. नाहीतर मग क्लास कंटिन्यू करणं डिफिकल्ट होईल.”

“आणि माफी मागितली तर?”

“तर क्लास चालू. ऑफ कोर्स, सिलॅबस आम्ही देऊ. श्लोक वगैरे.”

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जे बोलायला लागले ते नवरा कॉर्नफ्लेक्स खात ऐकत होता आणि मुलगी टोस्टला लोणी लावत. मागच्या वर्षीचा मंडळाचा गणपती कशाचा होता, मी विचारलं. चॉकलेटचा! समुद्रात विसर्जन करायचं तर परवानग्यांची कटकट, म्हणून आमच्या अध्यक्षसाहेबांना ही बेल्जियन कल्पना सुचली. स्टीलच्या परातीत चॉकलेटचा गणपती ठेवला, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर गरम दूध ओतलं. सोंड आधी विरघळली. मग कान. सगळ्यांनी व्हिडिओ काढले, ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हटलं आणि कागदी कपांतून बाप्पा प्यायले. अध्यक्षांनी दुसरा कप घेतला. पोरांनी खाल्ला तर नरबळी, आणि यांनी प्यायला तर प्रसाद? “रविवारी सगळ्यांसमोर विचारते,” मी म्हटलं. “दुसऱ्या कपाचंसुद्धा विचारते. बघू दे कोणाच्या भावना उरतात ते.”

मुलगी चावायची थांबून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हॉलमधल्या लढाईत असते तशी चमक होती.

“सॉरी म्हणून टाक ना,” नवरा म्हणाला. “ग्रँड होऊन जाईल सगळं.”

तो आठवडाभर मी वाक्यं घोळवत होते. भाजी चिरताना, लाल दिव्यापाशी थांबलेल्या गाडीत. तुम्हाला सांगते, फार उत्तम वाक्यं होती. पण प्रत्येक वाक्यानंतर मला तो हॉल दिसायचा, रिकामा, आणि रविवारी घरी बसून टॅबलेटवर बोट फिरवणारी माझी मुलगी दिसायची. ती जगात एकाच खोलीत मराठी बोलते, आणि त्या खोलीची किल्ली डून लेरीच्या माणसाकडे.

रविवारी हॉल भरला. एरवी मुलांना सोडून दारातूनच पळणारे बापसुद्धा खुर्च्यांवर बसले होते. माफीचा कार्यक्रम फुकट होता आणि मागे समोसे होते. मुलं भिंतीला टेकून खाली बसली होती. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं, त्यात समुद्र एकदा आला. मग मी स्टेजच्या पायऱ्या चढले.

समोर पहिल्याच रांगेत अध्यक्ष. पोटावर हात, चेहऱ्यावर क्षमा करायला आतुर असलेलं हसू. चॉकलेट माझ्या जिभेवर होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले की माझ्याकडून अनवधानाने आपल्या सर्वांच्या श्रद्धेला ठेच पोहोचली, त्याबद्दल मी अंतःकरणपूर्वक दिलगीर आहे, असं पुन्हा घडणार नाही. माझा आवाज कापला. लोकांना तो पश्चात्ताप वाटला. राग होता तो, पण रागाने आवाज कापला तरी लोकांना हवं तेच ऐकू येतं. टाळ्या झाल्या. फोटो काढणारीने येऊन मला मिठी मारली आणि “इट टेक्स अ बिग पर्सन” असं काहीतरी कानात म्हणाली. तिच्या अंगाला समोशाचा वास होता. अध्यक्षांनी मला श्लोकांची झेरॉक्स दिली. मी ती घेतली. दोन्ही हातांनी घेतली, हे सांगायला मला अजून ओशाळायला होतं.

हलकट माणसं, मी पार्किंगमध्ये जाताना मनात म्हणत होते. यांना ना देव कळतो, ना भाषा, ना इतिहास. टाळ्या तेवढ्या वाजवता येतात. पण शाळा वाचली. माझ्यापुरता मी हिशेब मिटवला होता. पुढच्या रविवारी श्लोक आधी उरकून घेऊ, आणि मग दार लावून लढाई.

मुलगी मागे बसली. तिने पट्टा लावला. पाऊस भुरभुरत होता, मी वायपर सुरू केले आणि चिप्सची मागणी यायची वाट बघत गाडी काढली. आम्ही क्लोन्सिलाच्या रस्त्याला लागलो.

“चॉकलेटचं का नाही सांगितलं?” ती म्हणाली.

मला आधी फक्त आवाज ऐकू आला. मराठी. गाडीत, माझ्याशी, कुणी न सांगता. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते माझ्या मानेमागून आलं होतं आणि माझे डोळे एकदम भरून आले. अर्थ मागाहून पोचला.

“तू म्हणाली होती सांगणार,” ती म्हणाली. “तू घाबरली. पकडलेला माणूस पण रडत नाही वर जाताना. तूच शिकवलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. नाक मुरडल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते मी चांगलं ओळखत होते. मंडळातल्या माणसांबद्दल मी घरात याच आवाजात बोलते. फक्त या खेपेला तो माझ्यासाठी होता. तिला सांगायला हवं होतं की मी हे तुझ्यासाठी केलं, याच एका वाक्यासाठी केलं. पण समोर गोल चौक आला होता, मागचा कुणीतरी हॉर्न वाजवत होता, आणि माझ्या तोंडून निघालं, “नॉट नाऊ, स्वीटहार्ट. प्लीज.”

मागून तिचा हात आला आणि माझ्या खांद्याला लागला.

“पकडली,” ती म्हणाली.

मी गाडी सरळ केली. आता पुढचं वाक्य तिचं होतं. लाडकी मुलगी की लाडकी आई, जे काही म्हणेल त्याला उत्तर द्यायला मी तयार होते, चौक संपेपर्यंत, सिग्नलपर्यंत, आमच्या रस्त्याच्या वळणापर्यंत तयार होते. घर आलं. तिने पट्टा सोडला आणि दार उघडून ती उतरून गेली.